कडीचं कासव

देवपूर, धुळे
१८ फेब्रुवारी १९९०

प्रिय बेबा,

सप्रेम जयभीम. आधी 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं. मग वाटलं, सात वर्षं जिच्याशी बोलणं नाही त्या थोरल्या बहिणीचे आशीर्वाद तुला कशाला हवेत. जयभीम कोणीही कोणालाही घालतं, तेवढा घे.

ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. काम आहे म्हणून लिहिते. तू जळगावला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतेस आणि मला एका प्राण्याबद्दल विचारायचं आहे. धुळ्यात असे लोक नाहीत असं नाही. देवपुरात तर दगड भिरकावला तर तो प्राध्यापकालाच लागेल. पण त्यांना आधी आपली विहीर समजावून सांगावी लागेल.

आपलं कासव वर येत नाही. माय सकाळी उठली की विहिरीच्या काठच्या दगडावर बसते, भाकरीचा तुकडा पाण्यात टाकते आणि विचारते, "उनं का?" तिच्या दोन्ही डोळ्यांत आता पडदा आहे, खालचं पाणीसुद्धा दिसत नाही. मी म्हणते, आलं. खरं म्हणजे कितीतरी दिवस झाले, तुकडा तसाच फुगून तरंगत असतो. माय दुपारी आडवी झाली की मी बादली सोडून तो काढते आणि शेजारच्या शेळीला घालते. शेळीने चांगलं बाळसं धरलं आहे.

तुला ठाऊक आहे, तरी लिहिते, माझीच उजळणी होते. गावी आपल्या लोकांना विहिरीच्या काठाला पाय लावायची सोय नव्हती. कोणी वरून ओतेल तेव्हा पाणी. त्या विहिरीत मोठं कासव आहे, ते पाणी निवळ ठेवतं, असं आबा लहानपणापासून ऐकत आला आणि त्याने ते कधी पाहिलं नाही. पुढे रेल्वेत लागला, देवपुरात माळावर हा तुकडा घेतला, विहीर खणली. पाणी लागलं त्याच वर्षी तापीवरून कासव आणलं, काळ्या कडक पाठीचं. पाठीच्या कडेला भोक पाडून तांब्याची कडी घातली आणि आपल्याला म्हणाला, "आते देखा पोटभर." तू मायच्या कडेवर होतीस, मी सातवीत होते.

तेव्हापासून चौदा एप्रिलला विहिरीचा गाळ काढायचा, कासव वर आणायचं, मायने ते मांडीवर घेऊन धुवायचं आणि गल्लीने येऊन बघायचं, हे ठरून गेलं. आबा गेला त्या वर्षी माय त्याच दगडावर बसून म्हणाली, "ते गयं का मना नंबर." कासव गेलं की आपली पाळी, असलं म्हातारं माणूस काहीबाही बोलतं म्हणून सोडून देता आलं असतं. पण ही बाई बोलते ते करते, हे आपण दोघींनी पाहिलं आहे.

तर मला एवढं सांग. कासव तळाशी जिवंत आहे की नाही, हे वर न काढता कसं कळतं? आणि ही जनावरं जगतात तरी किती? यंदा बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष सुरू होतं आहे, गल्लीने मोठा घाट घातला आहे. त्या दिवशी मायच्या मांडीवर कासव पाहिजे.

ये म्हणून लिहीत नाही. तू कामात असशील.

लिला

•

देवपूर, धुळे
६ मार्च १९९०

प्रिय बेबा,

तुझं पत्र मिळालं. "श्रीमती लिलाबाई यादव शिरसाठ यांस" ही सुरुवात वाचून मला वाटलं, घरपट्टीची नोटीस आली. खाली सही "बी. जे. बैसाणे". बेबाबाई हे नाव कॉलेजाच्या पाटीवर अडचणीचं होत असेल, ते समजू शकते. पण तुला न्हाऊ घातलेल्या माणसाला तू आद्याक्षरांनी भेटावंस, हे जरा जास्त झालं.

बाकी माहिती भरपूर दिलीस. कासवाचं काळीज संथ चालतं, खायला थोडं लागतं, गार पाण्यात ते आणखी मंद होतं आणि कित्येक दिवस न खाता राहतं, तेव्हा घाबरू नये. ते आपल्यासारखं म्हातारं होत नाही असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. म्हाताऱ्या कासवाची आतली इंद्रियं तरण्या कासवासारखीच दिसतात, मादी पुष्कळ वय झाल्यावरही अंडी घालते. मरतं ते आजाराने नाहीतर अपघाताने, नुसत्या वयाने नाही. वटवाघूळ एवढंसं, पण काही जातींची तीस तीस वर्षं जगतात. आणि हत्तीच्या दाढा एकामागून एक येतात, शेवटची झिजली की त्याला चावता येत नाही आणि तो उपाशी मरतो.

हे सगळं मी मायला मोठ्याने वाचून दाखवलं. हत्तीचं ऐकून ती हसली. तिच्या तोंडात एक दात उरलेला नाही आणि ती दुधात भाकरी कुस्करून हत्तीला मागे टाकून बसली आहे. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आखो काय लिखेल शे?" मी म्हटलं, एवढंच. तिने पत्र हातात घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं आणि उशीखाली सरकवलं. वाचता तर येत नाही.

एक गोष्ट मात्र न विचारता लिहिलीस. "कासव शक्यतो बाहेर काढू नये. कडीला हात लावू नये." का, ते लिहिलं नाहीस. चौदा एप्रिलला दर वर्षी काढतोच की आपण. शहाण्या माणसाने अर्धं वाक्य लिहू नये, समोरच्याला उगाच पूर्ण करत बसावं लागतं.

जुनं उकरायचं नाही असं ठरवलं होतं, पण हात चालतो आहे तर लिहिते. त्र्याऐंशीच्या मार्चात यादव गेला. मी सासरी नरडाण्याला होते, तू रजा टाकून इथे मायजवळ राहिलीस, चौदा एप्रिलही तूच केलास. मी परत आले तर तू मायला जळगावला न्यायचं ठरवून बसलेली. बरोबरच होतं तुझं. माझी त्या वेळची अवस्था एका माणसाला पाणी द्यायच्या लायकीची नव्हती. पण माय म्हणाली, "कासवले कोन देखी?" त्यावर तुझा चेहरा एकदम पडला. "या घरात माय काय आणि कासव काय, कोणी हलायचं नाही," असं म्हणून तू बॅग उचललीस आणि स्टँडवर गेलीस. एवढ्याशा गोष्टीवरून माणूस सात वर्षं येत नाही हे मला अजून समजलेलं नाही.

मला तेव्हा राग यायला हवा होता. आला असता तर पुढे कधीतरी उतरलाही असता. पण यादव जाऊन महिना झाला होता आणि मला कशाचंच काही वाटत नव्हतं. ते तसंच राहिलं. शाळेत शिकवलं, निवृत्त झाले, सत्कार झाला, नारळ-शाल घेतली, घरी येऊन वरण-भात लावला. मायला न्हाऊ घालते, तिची नखं काढते, तिच्याशी बोलते. लोक म्हणतात, लिलाबाई किती करते आईचं. हात करतात, मी बाजूला उभी असते. गार पाण्यातलं कासव मंद होतं हे तू लिहिलंस ते मला चटकन समजलं, शास्त्र न शिकता.

माय बरी आहे. तुकडा रोज टाकते.

लिला

•

देवपूर, धुळे
२० मार्च १९९०

प्रिय बेबा,

कासव मेलं.

शेजारी नामकरण होतं. मायला खुर्चीवर बसवून तिकडे नेलं आणि मी नूर महंमदला बोलावलं. आबाच्या वेळेपासून आपल्या विहिरीचा गाळ तोच काढतो. आता दाढीला मेंदी लावतो आणि उतरताना बिस्मिल्ला जरा मोठ्याने म्हणतो, एवढाच फरक. तो खाली गेला आणि लगेच वर आला. घमेल्यात कासव होतं. मान बाहेर, वास सुटलेला. मी विचारलं, कशाने मेलं असेल? तो म्हणाला, उमर झाली असेल. मी तुझं पत्र आठवून म्हणणार होते की कासवं वयाने मरत नाहीत, पण त्या वासात शास्त्र सांगायला तोंड उघडवेना.

त्याने पक्कडीने कडी काढून माझ्या हातात दिली. कासव आम्ही मागच्या निंबाखाली पुरलं. मी हात धुतले, त्याला चहा केला, स्वतःला केला. साखर घालायला विसरले नाही. मला वाटत होतं, आता रडू येईल. आबाने आणलेलं कासव, आपलं लहानपण त्याला बघण्यात गेलं, ते आपल्याच हाताने पुरलं, तर माणसाला रडू यावं. मी कप घेऊन वाट बघत बसले. आलं नाही. मग कप विसळला.

संध्याकाळी माय आली. सकाळचा तुकडा राहिला होता म्हणून दगडावर जाऊन बसली, टाकला, आणि म्हणाली, "उनं का?"

मी म्हटलं, आलं.

बेबा, या वेळेला मात्र ते म्हणताना मला भीती वाटली. आत्तापर्यंत कासव तळाशी असेल आणि वर येत नसेल असं तरी म्हणता येत होतं. आता विहिरीत काही नाही आणि माय रिकाम्या पाण्याला भाकरी घालते आहे. चौदा एप्रिलला गल्ली गोळा होणार, माय पदर खोचून मांडी घालून बसणार, आणि मी तिच्या मांडीवर काय ठेवू?

तिला खरं सांगावं असं एक मन म्हणतं. मग तिचा नंबर आठवतो. तुझ्या शास्त्रात याला काही उत्तर आहे का? माणूस बोलल्यामुळे मरतं का? मी शाळेत लहान मुलांना शिकवलं, तिथे असले प्रश्न येत नव्हते.

दुसरं कासव आणून त्याला कडी घालावी असं डोक्यात आहे. मायला दिसत नाही. कडी लागली हाताला की झालं. हे बरोबर की चूक, ते तू सांग. तुझ्यापेक्षा मी मोठी आहे, पण या घरात मोठेपणाचं काम नेहमी तूच केलंस.

कडी माझ्या ट्रंकेत ठेवली आहे. झिजून अगदी बारीक झाली आहे.

लिला

•

देवपूर, धुळे
३ एप्रिल १९९०

बेबा,

तुझं उत्तर आलं नाही. ते का आलं नाही, हे मला काल समजलं.

मी नूर महंमदला बोलावलं आणि आवाज बारीक करून सांगितलं की दुसरं कासव पाहिजे, काळ्या पाठीचं, एवढ्याच आकाराचं, आणि ही गोष्ट या कानाची त्या कानाला जाता कामा नये. मला वाटलं तो चकित होईल. तो दाढी खाजवत म्हणाला, "छोटी बाईने भी बिलकुल यही बोला था."

मी विचारलं, कोण छोटी बाई? त्याला वाटत होतं मला सगळं ठाऊक आहे. मग तोही घाबरला, पण तोंडातून निघालं ते निघालं.

यादव गेला त्याच महिन्यात आबाचं कासव मेलं. तू एकटी होतीस मायजवळ. मला कळवलं नाहीस, कारण माझ्या घरात एक मरण आधीच होतं. नूर महंमदला घेऊन एस.टी.ने तापीवर गेलीस आणि येताना कासव पोत्यात घालून मांडीवर धरून बसलीस. कंडक्टरने विचारलं तर म्हणालीस बटाटे आहेत, आणि सोनगीरच्या आसपास बटाट्यांनी पाय बाहेर काढले. हे सांगताना नूर महंमद इतका हसला की त्याला ठसका लागला. घरी आल्यावर गिरमिटाने भोक तू स्वतः पाडलंस, त्याला पाडू दिलं नाहीस.

म्हणजे गेली सात वर्षं मी ज्याला आबाचं कासव म्हणून बघत आले ते तुझं. आणि निंबाखाली पुरलं तेही तुझंच. मला आधी राग आला. मग हसू आलं. "कासव म्हातारं होत नाही" म्हणून मला लिहितेस! या बिचाऱ्याला म्हातारं व्हायला वेळ तरी मिळाला का? जास्त जगणारं जनावर आपल्या घरात एकच आहे, आणि ते रोज सकाळी दगडावर बसून मला विचारतं, उनं का.

मग रात्री जेवताना मला तुझा त्या दिवशीचा चेहरा आठवला. "कासवले कोन देखी?" म्हणून माय जळगावला यायला तयार नव्हती. तू म्हणू शकली असतीस, माय, ते कासव मेलं, हे मी आणलं आहे, आता चल. मग ती तुझ्याबरोबर आली असती, नाहीतर तिथेच बसल्या जागी गेली असती. तू मूग गिळलेस. तिला जगवायला जे आणलंस त्यानेच तिला इथे बांधून टाकलं आणि तू स्टँडवर गेलीस. मी मात्र इतकी वर्षं हेच सांगत राहिले, धाकटी शिकली आणि तिला घरची लाज वाटायला लागली. गल्लीतल्या दोनचार बायकांनाही सांगितलं आहे. आता त्यांना जाऊन पुन्हा सांगावं लागेल.

बेबा, मला वाईट वाटलं. ताटावरून उठून मोरीत गेले आणि हात न धुता उभी राहिले. फार दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून लिहून ठेवते.

तू तेव्हा केलंस तेच मी आता करणार आहे. नूर महंमद तापीवर जाऊन येणार आहे. मी पोतं मांडीवर घ्यायला जात नाही, माझे गुडघे गेले. भोक सायकलवाल्याकडून पाडून घेईन. तुला यात काही सांगायचं असेल तर चौदाच्या आत सांग. नसेल तर नको. आता मी वाट बघितली तरी रुसणार नाही.

तुझी
लिला

•

देवपूर, धुळे
१५ एप्रिल १९९०

प्रिय बेबा,

तुझं कार्ड तेराला पोचलं. "अक्का, कडी होती त्याच बाजूला घाल. बेबा." एवढंच. पण सात वर्षांनी मला अक्का म्हणालीस आणि आद्याक्षरं जळगावलाच ठेवलीस. मी ते कार्ड डाळीच्या डब्यामागे ठेवलं होतं, अधूनमधून काढून बघत होते.

तू सांगितलंस तसंच केलं. पुरलेल्या कासवाची कडी उजव्या बाजूला होती, हे नूर महंमदला पक्कं आठवत होतं. नव्यालाही उजव्या बाजूलाच भोक पाडलं. आकार जवळपास तोच. मी डोळे मिटून स्वतः हात फिरवून पाहिला, मलासुद्धा फरक कळला नाही.

काल सकाळपासून गल्लीत निळ्या पताका, लाउडस्पीकर, बुंदी. मायला नवं पांढरं पातळ नेसवलं. नूर महंमदने गाळ काढायचं नाटक नीट केलं. तो आदल्या दिवशीच कासव विहिरीत सोडून गेला होता आणि काल सगळ्यांसमोर घमेल्यातून वर घेऊन आला. टाळ्या झाल्या. मायच्या मांडीवर ओलं पोतं टाकून कासव ठेवलं. तिने तांब्याने पाणी घातलं, पाठ चोळली, मग बोट कडेकडेने फिरवत नेलं. कडीपाशी थांबली. मग तिने मान वर केली आणि सगळ्यांना म्हणाली, "देखा पोटभर." लहान पोरं पुढे घुसली. एकाने शेपटी ओढली, त्याला आईकडून मार मिळाला. कासव परत पाण्यात गेलं. सगळं सुरळीत पार पडलं, मी मनात म्हटलं, सुटले.

दुपारी लोक पांगले. मी मायला दुधात बुंदी कुस्करून दिली. ती म्हणाली, "लिला, हाई तिसरं शे."

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. मी म्हटलं, काय तिसरं? ती म्हणाली, "भोक नवं शे. बोटले टोचस."

मी काही बोलायच्या आत तिनेच सांगितलं. आबाच्या कासवाची कडी डाव्या बाजूला होती. आबाने ती घातली तेव्हा कासव मायनेच धरलं होतं, तिला विसर पडणार कसा? त्र्याऐंशीच्या चौदा एप्रिलला तिने हात फिरवला तर कडी जेवणाच्या हाताला. त्याआधी मोरीत गिरमिटाचा आणि तुझ्या रडण्याचा आवाज तिने ऐकला होताच. तू कासव आपल्याकडे तोंड करून धरलं असशील, म्हणून डाव्याचं उजवं झालं. आणि आता तू मला कार्ड टाकून तीच चूक पुन्हा करायला लावलीस. एवढी शिकलेली बाई!

मी विचारलं, माय, मग सात वर्षं बोलली का नाहीस? तू रोज तुकडा टाकत होतीस, मला विचारत होतीस, मी आलं म्हणत होते. ती म्हणाली, ते मी विचारत होते तुझ्यासाठी, दिवसातून एकदा तरी तू काही बोलावंस म्हणून. मग म्हणाली, "पोरी मनासाठे कासव बदली ऱ्हायन्यात, मंग मी कसी मरू?"

बेबा, आपण दोघी तिला जगवत होतो असं आपल्याला वाटत होतं. ती आपल्यासाठी जगत होती. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून एक बाई मरायची राहिली. तुझ्या पुस्तकात जास्त जगणाऱ्या जनावरांची जी कारणं दिली आहेत त्यांत हे कुठे आहे का, ते बघ.

मी रडले. वाटी खाली ठेवून, तिच्या मांडीवर डोकं टाकून, जिथे थोड्या वेळापूर्वी कासव होतं तिथे. पातळ ओलं होतंच. यादवचं, आबाचं, तुझं, सगळं एकदम आलं. ती पाठ थोपटत राहिली आणि मी थांबल्यावर म्हणाली, "आते बस. चौथं आनू नका."

मग म्हणाली, "बेबाले लिख."

तुझं पत्र तिच्या उशीखाली आहे, कार्डही आता तिच्याकडेच गेलं. आज सकाळी ती दगडावर आली नाही. तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तू टाक. मी टाकला. कासव वर आलं, खाऊन गेलं. मी आत येऊन सांगितलं, आलं. खरंच आलं होतं. तिने ऐकलं आणि कूस बदलली. दूध अर्धं ठेवलं आहे. डॉक्टर येऊन गेले, ते म्हणाले तसं काही नाही, वय आहे.

तू ये. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ये म्हणून लिहीत नाही. आता लिहिते. रजा मिळत नसेल तर न मिळता ये. जळगावहून निघालीस की नव्या स्टँडपर्यंत जाऊ नकोस, देवपूरलाच उतर, तिथून आपलं घर जवळ पडतं. रस्ते बदलले आहेत, पण विहीर कोणालाही विचारली तर दाखवतील. माय जागी असेल तोवर ये.

येताना काही आणू नकोस.

तुझी
अक्का